पोस्टमन कितवा?

खेळाडूंची खरी नावं मी इथे घेणार नाही. नावं घेतली की वाचणारा माझं ऐकायचं सोडून स्वतःची यादी काढून बसतो, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. तसंही आमच्या घरात त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमधला आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, यावर माझं आणि नवऱ्याचं लग्नाच्याही आधीपासून भांडण आहे. त्यात मुख्य उमेदवार दोन. माझा तो पोस्टमन. बॉल हातात यायच्या आत तो कुणाच्या दारात टाकायचा हे त्याला ठाऊक असायचं, आणि बाकीचे चौघे त्याच्या जिवावर मोठे झाले. नवऱ्याचा तो जावई. हे नाव मीच ठेवलं. संघातल्या सगळ्यांनी राबायचं, बॉल आणून त्याच्या ताटात वाढायचा, आणि ढेकर मात्र त्याने द्यायचा. नवऱ्याला आधी ते नाव फार झोंबलं. मग इतकं आवडलं की आता तोच ‘आमचे जावईबापू’ म्हणतो.

मी नागपूरची. विद्यापीठाच्या संघात पॉइंट गार्ड होते. उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे माझं काम दोनच गोष्टींचं: पास द्यायचा आणि ओरडायचं. ओरडण्यात मी अव्वल होते. ग्राउंडच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाला रिक्षावाला थांबायचा. नवरा पुण्याचा. आयुष्यात त्याने बास्केटबॉल हातात धरला असेल तो दुकानात, किंमत बघायला. पण यादी? यादी त्याच्याकडे आहे, आणि ती एक्सेलमध्ये आहे. कितीदा जिंकला, किती वर्षं टिकला, समोर कोण होते, सोबत कोण होते, बचाव कसा होता, असे रकाने, आणि प्रत्येक रकान्याला वेगळं वजन. मी म्हणते, “अरे, दहावीची मेरिट लिस्ट लावतोयस का?” तो म्हणतो, “मग निकष नकोत? उगाच आपलं मला वाटतं म्हणून पहिला?” हो, मला वाटतं म्हणून! मी खेळलेय. ज्याने कधी चुकीचा पास अंगावर घेतला नाही त्याला बरोबर पासची किंमत काय कळणार, कप्पाळ?

आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या आमच्या घरात हे भांडण शनिवारी सकाळी होतं. मॅच आम्ही झोपलेलो असताना होतात, म्हणून स्कोअर न बघता, फोन पालथा ठेवून, पोहे खात आम्ही रेकॉर्डिंग बघतो. मॅच नसेल तर जुनी लावतो. सोळा वर्षांची लेक मधूनच येते, प्रेसमधून वाटी काढते (इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो), आमच्याकडे बघून तिच्या आयरिश हेलात “यू टू आर मेंटल” म्हणते आणि जाते. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. एकदा शेजारच्या आजींनी नवऱ्याला हळूच विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना? आवाज येतात. त्याला त्यांना सांगावं लागलं की ठीक आहे, हा खेळाचा विषय आहे.

तर असा माझा आवाज. आणि मागच्या वर्षी माझ्या गळ्यात गाठ निघाली.

थायरॉइडची गाठ. तपासण्या झाल्या, सुई घालून झाली, आणि रिपोर्ट आला की साधी आहे, कॅन्सर नाही. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोकळेपणी रडले आणि मग बाहेर येऊन लोणी लावून दोन स्कोन खाल्ले. सुटले, असं वाटलं. पण गाठ मोठी होती, श्वासनळीवर रेलली होती, काढायला हवी होती. सर्जनने समोर बसवून सरळ सांगितलं की आवाजाची नस या ग्रंथीच्या अगदी मागून जाते. आम्ही जपतोच. तरी काहींचा आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो. फार थोड्यांचा येत नाही. हे त्याने उद्या पाऊस आहे अशा सुरात सांगितलं. इथे असंच असतं, जे आहे ते पेशंटच्या तोंडावर. मी सही केली.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आले, नवरा दिसला, त्याला “पाणी” म्हणायला गेले आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला. फुस्स. पुन्हा प्रयत्न केला. फुस्स. सर्जन संध्याकाळी येऊन सांगून गेला की नस शाबूत आहे, त्याने डोळ्यांनी पाहिलीय, ती सुजलीय एवढंच. थांबा. किती? काही आठवडे, कदाचित काही महिने. मग तोच पावसाचा सूर: बहुतेकांचा येतो.

त्या ‘बहुतेकां’मध्ये मी आहे की नाही, एवढाच प्रश्न त्यानंतर माझ्या आयुष्यात उरला.

आवाजाचे व्यायाम शिकवायला एक थेरपिस्ट होती, इथल्या ट्रली गावाकडची. तिकडे म्हणे पोरी चालायला लागल्या की बास्केटबॉल खेळतात, तीही शाळेत खेळलेली. माझी तिच्याशी लगेच गट्टी जमली, एका बाजूने बोलून आणि एका बाजूने लिहून. लेकीचा लहानपणचा छोटा पांढरा बोर्ड मी गळ्यात अडकवल्यासारखा सगळीकडे न्यायची. थेरपिस्टने सांगितलं, ओरडायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही, कुजबुजणं जास्त वाईट. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून त्यातून ‘ऊऊऊ’ करत बुडबुडे काढायचे, दिवसातून पाच-सहा वेळा. मी आज्ञाधारकपणे बुडबुडे काढत बसले. ऑफिसातून रजा होती. रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलींना मी शाळेच्या हॉलमध्ये शिकवते, ते बंद होतं. पोरींनी कार्ड पाठवलं, त्यात एकीने लिहिलं होतं की हॉल फार शांत आहे आणि आम्हाला ते आवडत नाही. मी ते कार्ड बघून पुन्हा बुडबुडे काढले.

चार आठवडे गेले. घोगरा, निम्मा, हवेने भरलेला काहीतरी आवाज यायला लागला होता, पण दोन शब्दांनंतर विरायचा. आणि मग तो शनिवार उजाडला.

पोहे नवऱ्याने केले होते. म्हणजे साखर घातलेले. टीव्हीवर जावयाची एक जुनी मॅच होती, आणि बापरे, काय ती मॅच! डावीकडे माणूस मोकळा उभा, हात वर करून विनवतोय, आणि हा आपला तिघांच्या अंगावर बॉल घेऊन चाललाय. मी बोर्ड ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: स्वार्थी!! आता नवरा फुरफुरणार, लॅपटॉप उघडणार, ‘निकष’ म्हणणार. मी खडू सरसावल्यासारखा मार्कर धरून तयार होते.

त्याने बोर्ड वाचला. टीव्हीचा आवाज कमी केला. आणि अगदी मऊ सुरात म्हणाला, “खरंय गं तुझं. मी विचार केला त्यावर. पोस्टमनच पहिला.”

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. बावीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता ना? मला इतकी भीती आयुष्यात दोनदाच वाटली आहे.

पहिल्यांदा का वाटली ते सांगते. माझे बाबा शाळामास्तर होते. मी खेळायचे तेव्हा सायकलला टेकून रोज संध्याकाळी मॅच बघायचे आणि त्यांचाही एक उमेदवार होता. त्याला आम्ही खांब म्हणायचो. बास्केटखाली उभा राहणारा, आभाळाएवढा उंच. “पोरी, उंच माणसाला तोड नाही,” असं ते म्हणायचे, आणि मी आयर्लंडला आल्यावरही दर रविवारच्या फोनवर आमची यावर जुंपायची. मग ते आजारी पडले. रिपोर्ट वाईट होता. घरातल्या सगळ्यांनी ठरवलं की त्यांना सांगायचं नाही. आपल्याकडे तसंच ठरतं. रिपोर्ट साड्यांच्या घडीखाली जातो, आत्या हसतमुखाने शिरा करून आणते, आणि ज्याचा आजार तो सोडून सगळ्या गल्लीला माहीत असतं. मी विमानाने पोचले, मलाही तंबी मिळाली, मीही मान डोलावली. त्यांच्या पलंगाशी बसले. ते क्षीण हसून म्हणाले, “काय मग, काय म्हणून राहिला तुझा पोस्टमन?” आणि मी, जिने आजवर त्यांना एक इंचही सोडला नव्हता, म्हणाले, “बाबा, तुमचंच बरोबर. खांबच पहिला.”

मग माझ्या हातावर थोपटून त्यांनी विचारलं, “डॉक्टरनं किती दिवस सांगितले, बेटा?”

सगळ्या घराने महिनाभर लपवलेलं मी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. म्हणून मला माहीत आहे, आपल्या माणसाने भांडण सोडलं की काय समजायचं.

तर त्या शनिवारी पोह्यांसमोर मला कळून चुकलं की नवऱ्याला काहीतरी माहीत आहे. लगेच आठवलं. दोनच दिवसांपूर्वी थेरपीनंतर मी कोट घालत होते आणि तो काचेच्या दारापलीकडे त्या थेरपिस्टशी बोलत होता. मी बाहेर आले तशी दोघं गप्प झाली आणि त्याने चेहरा एकदम सरळ केला. माझी नस मेली होती. तिने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने आपल्या पद्धतीने ते साड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं.

तो आंघोळीला गेल्यावर मी त्याचा लॅपटॉप उघडला. हो, उघडला. त्याची यादी काढली. पोस्टमन खरोखरच पहिला होता. नुसता वर उचलून ठेवला नव्हता, रकान्यांची वजनं बदलली होती. पुणेकराने निकष बदलले! त्या क्षणी माझी उरलीसुरली आशा संपली.

त्यानंतर घरात जे जे दिसलं ते सगळं तेच सांगत होतं. लेक न सांगता चहा करून आणायची. आणि एके दिवशी तिने दारात उभं राहून, अडखळत, चक्क मराठीत विचारलं, “आई, तुला काय आणून देऊ?” एरवी मी पेढे वाटले असते. तेव्हा मी चादर डोक्यावरून घेतली आणि रडले. ही पोरगी मराठी बोलतेय म्हणजे माझं काही खरं नाही.

मी विचारलं का नाही? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. नको होतं मला उत्तर. दिवसभर ताडताड बोलणारी बाई मी, ऑफिसात माझ्या मीटिंगला माइक लागत नाही, आणि आता उरलेलं आयुष्य फुसफुसत काढायचं? जोशात येऊन कुणाचं वाक्य मध्येच तोडताही येणार नाही? मला माझा राग आवाजातच येतो. लिहून राग येत नाही, लिहीपर्यंत तो निवतो. मी क्लबला एक मेल लिहून ठेवली, की मुलींसाठी दुसरं कुणीतरी बघा. पाठवली नाही, ठेवली फक्त. बुडबुडे मात्र चुकवले नाहीत. का, ते विचारू नका. तीन आठवडे मी घरातली सगळी भांडणं जिंकत होते, आणि इतकी वाईट हालत माझी कधी झाली नव्हती.

मग सर्जनकडे तपासणीचा दिवस आला. नाकातून बारीक कॅमेरा घातला, डोळ्यांतून पाणी, समोर पडदा. नवरा भिंतीशी उभा. पडद्यावर माझ्या स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. सर्जन म्हणाला, “ई” म्हणा. मी कसंबसं म्हटलं. एक पट्टी टणकन हलली. आणि दुसरी, माझी रुसलेली, जराशी, अगदी जराशी, पण हलली. पुन्हा “ई”. पुन्हा हलली. “शी इज ग्रँड,” तो म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं की नस जागी झालीय, आवाज येणार, बराचसा आलाही असेल. मीच तो घाबरून आत धरून ठेवलाय, आता वापरायला लागा.

आणि तुम्हाला सांगते, माझा विश्वास बसला नाही! पडद्यावर डोळ्यांनी बघितलेलं असून नाही. मनात आलं, नवऱ्याने यालाही पढवलं असेल. आयरिश सर्जनला पढवून ठेवणारा नवरा मला कुठे मिळाला असता, पण भ्यालेलं डोकं असंच चालतं.

खाली कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसलो. दुपारची वेळ, सगळी टेबलं भरलेली. मी बोर्ड काढला आणि लिहिलं: खरं सांग. त्या दिवशी काचेमागे ती काय म्हणाली?

“कोण? कुठली काच?” तो गोंधळला. मग त्याची ट्यूब पेटली. “अगं ती? मी तिला विचारलं, ही भांडायला लागली की गळ्याच्या शिरा तट्ट फुगतात, काय करू? ती म्हणाली, भांडण होऊ देऊ नका. मी म्हटलं, बावीस वर्षांत ते जमलेलं नाही. तर ती म्हणाली, मग हरून टाका. आम्ही हसत होतो. तू आलीस, म्हटलं हिला कळलं तर सगळं मुसळ केरात.”

मी लिहिलं: शपथ?

“तुझी शपथ.”

आणि रकाने??

तो ओशाळला. “तू लॅपटॉप बघणार हे माहीत नव्हतं का मला? पटायला तर हवं. दोन तास लागले, पोस्टमनला वर आणता येईना.”

मी पुढे लिहिलं: आणि पोरगी मराठी का बोलते?

“मी तिला म्हटलं, आईला त्रास होईल असं काही करू नकोस. तिला वाटलं, तिचं इंग्लिश हाच तुझा त्रास.”

मी बोर्ड पुसला. इथवर सगळं जुळत होतं, पण आत्याही शिरा देताना अशीच शपथ घ्यायची. खरं काय ते ओळखायची एकच खूण माझ्याकडे होती. अक्षर वेडंवाकडं आलं. लिहिलं: मग आता सांग. पहिला कोण?

त्याने ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला काय दिसलं मला माहीत नाही. मला एवढंच माहीत होतं की तो आता ‘पोस्टमन’ म्हणाला, तर मी ती मेल आजच पाठवणार.

त्याने कप खाली ठेवला. “जावई,” तो म्हणाला. मग जरा पुढे झुकून, अगदी त्याच्या त्या जुन्या, डोक्यात जाणाऱ्या, समजुतीच्या सुरात म्हणाला, “आणि स्पष्टच सांगायचं तर दुसरी जागा मी एक वेळ रिकामी ठेवीन, पण तुझा पोस्टमन तिसरा.”

“तिसरा?”

शेजारची तीन टेबलं वळून बघायला लागली. काउंटरवरच्या बाईने वर बघितलं. तो आवाज घोगरा होता, मध्येच चिरकला, पण फुसफुस नव्हती. नागपूरच्या ग्राउंडवरचा होता. माझा होता. मी तोंडावर हात ठेवला.

नवऱ्याने चष्मा काढला, चहाच्या कपाखालचा कागदी रुमाल ओढून घेतला आणि भर कॅन्टीनमध्ये ढसाढसा रडला. मला तेव्हा कळलं की हे सात आठवडे तोही त्या ‘बहुतेकां’ची वाट बघत होता.

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला.

“तिसरा? अरे, लाज वाटते का जिभेला?”

“पुन्हा.”